वाचता न येणाऱ्यांची यादी

आमच्या घरात देवघर नव्हतं, तक्ते होते. बाहेरच्या खोलीत भिंतीवर दोन तसबिरी, त्यांच्यासमोर मेणबत्ती आणि मेणबत्तीच्या शेजारी, जणू तेही वंदनीयच असावेत अशा थाटात, बाबांच्या ऑफिसातून आलेले राज्यवार तक्त्यांचे गठ्ठे. बाबा एका मंत्रालयाच्या आकडेवारी विभागात होते. कोणत्या राज्यातली किती मुलं चौथीत धडा वाचू शकतात आणि त्यातली किती आठवीत गेल्यावरही वाचू शकतात, याचे आकडे देशभरातून टपालानं येत. बाबा ते एका भल्यामोठ्या कागदावर निळ्या शाईनं उतरवून वर पाठवत. वर म्हणजे कुठं, हे त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं. पण पाठवताना त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव असे की आता देशातलं प्रत्येक मूल सोमवारपासून घडाघडा वाचू लागणार. मी आज त्याच कामात आहे, फक्त निळ्या शाईच्या जागी संगणक आहे, आणि तो भाव मला अजून चेहऱ्यावर आणता येत नाही. सराव चालू आहे.

या तक्त्यांवर आमचा शेजारधर्म चाले. दिल्लीच्या आर. के. पुरममधल्या आमच्या जिन्यात आठ क्वार्टर्स आणि जवळजवळ तितकीच राज्यं होती. समोरचे नायर अंकल आले की बाबा त्यांना हात असलेली खुर्ची देत आणि टेबलपंखा त्यांच्याकडे वळवत, कारण त्यांचं राज्य चौथीतही वर आणि आठवीतही वर. तक्त्यात तळाला असलेल्या राज्याच्या माणसाशी मात्र ते दारातच, एक हात कडीवर ठेवून बोलत. त्या बिचाऱ्यांना आपल्याला उभं का ठेवलंय हे कधीच कळलं नसणार. आमचं स्वतःचं दुखणं वेगळं होतं. बाबांच्या कागदावर आमच्याकडची मुलं चौथीपर्यंत ताठ मानेनं चालत आणि आठवीपर्यंत पोचता पोचता कुठंतरी खड्ड्यात पडत. "हे मधे होतं काय, मला कळत नाही," बाबा जेवताना घास हातात धरून विचारत. आई म्हणे, "ज्वारीचं पीठ संपत आलंय. तेही असंच मधेच संपतं." बाबांना हे उत्तर अशास्त्रीय वाटे.

ज्वारी हा आमच्या घरातला खरा राष्ट्रीय प्रश्न होता. दिल्लीत गहू म्हणाल तितका. ज्वारीसाठी मात्र गावाकडून येणाऱ्या माणसाची वाट बघायची. कुणी वाशीमकडून आलं की ट्रंकेत पीठ, सांडगे, लाल मिरच्या आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली करडईची चटणी येई. मग आठवडाभर आई भाकरी थापे आणि तो थापण्याचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जाई. खालच्या बंगाली आंटींनी एकदा वर येऊन काळजीनं विचारलं होतं, "बच्चे को मार रहे हो क्या?" त्या जिन्याला आवाजांवरून ओळखता येई. सकाळी स्कूटर तिरपी करून किक मारणारे तीन बाप, आठ घरांतल्या कुकरच्या शिट्या, बसस्टॉपवरून येणारी कंडक्टरची हाक, आणि या सगळ्यांवर ताण करून मोठमोठ्यानं पाठांतर करणारा मी.

पाठांतराचं असं झालं. पाचवीपर्यंत मी पहाडगंजच्या मराठी शाळेत होतो. रोज दोन बस बदलून जायचं, स्टेशनच्या गर्दीतून शाळेतल्या बाईंचा हात धरून चालायचं, आणि शाळेत पोचलं की सगळं आपल्या भाषेत. तिथं मी खरोखर वाचायचो. सहावीत बाबांनी मला घराजवळच्या शाळेत घातलं, कारण "पुढं जायचं तर इंग्रजी हवं, हिंदी हवी." त्या शाळेचं नाव मी इथं लिहीत नाही, ती चांगली शाळा म्हणून ओळखली जाते आणि कुणाची ओळख बिघडवायचा अधिकार मला नाही. सहावीच्या पहिल्या महिन्यात मला इतिहासाच्या हिंदी पुस्तकातलं एक पान धड वाचता येईना. अक्षरं ओळखीची, शब्द परके. म्हणजे ज्या खड्ड्याचा बाबा तक्त्यात शोध घेत होते, तो खड्डा त्यांच्याच ताटासमोर बसून वरण-भात खात होता. पण मी हुशार होतो. मी धडे पाठ करायला लागलो. उद्या कुठलं पान वाचायला सांगतील याचा अंदाज घ्यायचा, ते घोकायचं, आणि वर्गात पुस्तक समोर धरून बुबुळं डावीकडून उजवीकडे फिरवायची. सातवी संपेपर्यंत मी वर्गातला उत्तम वाचक आणि मॉनिटर झालो होतो. आजवर अनेक अहवालांमध्ये 'वाचनकौशल्यात लक्षणीय प्रगती' हे शब्द मी सहीनिशी लिहिले आहेत, आणि दर वेळी मला ती फिरणारी बुबुळं आठवतात.

रविवारी संध्याकाळी आमच्याकडे वंदनेला विदर्भ-मराठवाड्याकडची तीन-चार कुटुंबं जमत. वंदना झाली की चहा-चिवड्याआधी एक रिवाज होता: घरातल्या एका मुलानं नागपूरहून टपालानं येणाऱ्या, तीन दिवस शिळ्या वर्तमानपत्रातला एक लेख उभं राहून मोठ्यानं वाचायचा. आधीच्या पिढीला कुणी पाटीला हात लावू दिला नव्हता, म्हणून या पिढीचं वाचणं सगळ्यांनी कानांनी ऐकायचं, असा त्यामागचा भाव होता. म्हातारे गजभिये काका तर डोळे मिटून, हात जोडून ऐकत. हा मान माझा होता. पण शाळेतल्या सवयीनं आता मराठीही घोकल्याशिवाय वाचायचा धीर होत नसे, म्हणून शुक्रवारी अंक आला की मी लेख निवडे आणि शनिवारभर घोके. रविवारी गजभिये काकांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येई आणि मला त्याची लाज वाटत नसे. आता वाटते. तीही वर्तमानपत्रासारखी, जरा उशिरानंच आली.

मी आठवीत गेलो त्या उन्हाळ्यात कुंदा आली. माझ्या धाकट्या काकांची मुलगी, माझ्याहून वर्षभरानं मोठी. गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढची तालुक्याला, आणि मुलीनं रोज इतकं चालत जायचं म्हणजे काकांच्या मते शिक्षण नव्हे, धिंडवडे. बाबा लग्नाला गावी गेले होते, त्यांनी ते ऐकलं आणि खड्ड्यात पडू घातलेलं एक मूल स्वतःच्या हातांनी बाहेर काढायचं ठरवलं. येताना पिठाची ट्रंक आणि कुंदा दोन्ही घेऊन आले. आईनं आधी ट्रंक उघडली, मग कुंदाला जवळ घेतलं. आईला माफ करा, महिनाभर पीठ नव्हतं.

कुंदा वाचायची. म्हणजे काय ते मला सांगता येईल का, बघतो. गावात तिच्या वस्तीवर कुणाचंही पत्र आलं की तिला बोलावणं जाई. सुरतला गेलेला मुलगा, फौजेतला नवरा, पुण्याला धुणीभांडी करणारी सून, सगळ्यांची पत्रं तिच्या तोंडून ऐकली जात. त्यामुळे ती वाचायला लागली की आवाज तिचा उरत नसे. औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा ती असा वाचायची की आईला ताप उतरल्यासारखं वाटे. बसचे बोर्ड, शेंगदाण्याच्या पुड्या, बाबांच्या तक्त्यांची शीर्षकं, हिंदी असो की मराठी, तिच्या नजरेतून काही सुटत नसे. हिंदी बोलताना मात्र ती फजिती करून घ्यायची, आणि इंग्रजीत तिला अक्षरओळखीपलीकडे फारसं येत नव्हतं.

"मोठेबाबा," एकदा तिनं तक्ता बघत विचारलं, "ह्याच्यात जी पोरं चौथीत हायेत आन आठवीत नाईत, ते कुठी गेले?"

"गेले नाहीत. त्यांची पातळी घसरली."

"पन माह्या वर्गातल्या सात जनी शाळेतच नाई आता. त्याईची पातळी कोनं मोजली?"

बाबांनी चष्मा काढून पुसला आणि तिला झोपायला पाठवलं.

पुढच्या एका रविवारी माझा घात झाला. मी घोकलेला लेख गजभिये काकांनी दोन दिवस आधीच कुणाकडून तरी वाचून घेतला होता. "आज दुसरा वाच बेटा, हा," असं म्हणत त्यांनी मागचं पान उलटून दिलं. मी उभा राहिलो. पहिलं वाक्य कसंबसं गेलं. दुसऱ्यात मी अडखळलो, तिसऱ्यात थांबलो, आणि खोलीत एवढी शांतता झाली की स्वयंपाकघरातला दुधाचा फस्सकन आवाज ऐकू आला. कुंदा पदराला हात पुसत, म्हणजे ओढणीलाच, दारात आली आणि माझ्या खांद्यावरून वाकून ते वाक्य तिनं पूर्ण केलं. मग थांबताच येईना तिला. शेवटपर्यंत वाचत गेली. गजभिये काकांनी डोळे उघडले. पहिल्यांदाच. "पोरी, तू तं जीव ओतते!" बाबा अभिमानानं फुगले होते. "बघा, गावच्या शाळेतली! मिलिंद, पुढच्या रविवारपासून कुंदा वाचेल. तू चहाचे कप दे सगळ्यांना. चालेल ना?"

"बिल्कुल," मी म्हणालो, आणि हसलोही.

माझ्या शाळेत, माझ्याच वर्गात, मात्र कुंदाचं नाव कच्चं होतं. दुसऱ्या राज्यातली, मराठी माध्यमाची मुलगी थेट आठवीत घ्यायला प्रिन्सिपॉल तयार नव्हते. बाबांनी ऑफिसातली ओळख लावली तेव्हा ते म्हणाले, ठीक आहे, तात्पुरता प्रवेश. दिवाळीआधी वरून वाचनतपासणीची टीम येते. मुलीनं तिथं वाचून दाखवलं तर नाव पक्कं, नाहीतर आपल्या गावी. बाबांना ही अट इतकी योग्य वाटली की त्यांनी प्रिन्सिपॉलांचे दोनदा आभार मानले. मोजमाप करून न्याय, याहून चांगलं काय? आणि कुंदाला ती अट कळली तेव्हा ती फक्त म्हणाली, "वाचाचंच हाय ना? मंग ठीक हाय."

तपासणीच्या आदल्या दिवशी सक्सेना मॅडमनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. त्या आमच्या वर्गशिक्षिका. वाईट बाई नव्हत्या, त्यांना फक्त चांगला निकाल हवा होता, आणि तो कुणाला नको असतो? त्यांनी मला एक कोरा कागद दिला. दर वर्षीचीच पद्धत होती आणि मॉनिटरला ती शिकवावी लागे.

"देखो मिलिंद, जो बच्चे अटक-अटक के पढ़ते हैं, उनके नाम लिख दो. कल वो छुट्टी कर लें. घर पे आराम करें. टीम के सामने बेचारों की बेइज़्ज़ती क्यों हो?"

किती प्रेमळ योजना होती ती. ज्यांना वाचता येत नाही ते घरी, मग उरलेल्या सगळ्यांना वाचता येतं. चार नावं मी चटकन लिहिली. चौघंही तक्त्याच्या तळातल्या राज्यांची होती. बाबांच्या घरात वाढल्यामुळे मला त्यांची नावं शोधावी लागली नाहीत. मग मॅडम कपाटात काही शोधत असताना सहज म्हणाल्या की या वर्षी टीम उतारे निरनिराळ्या भाषांतले आणणार आहे. मूल ज्या भाषेत पहिल्यांदा वाचायला शिकलं, त्या भाषेत त्याला वाचू देणार.

हे ऐकलं आणि मला दिसलं की उद्या काय होणार. कुंदा मराठी उतारा घेऊन उभी राहील. ती जशी वाचते तशी वाचेल. सगळा वर्ग ऐकेल, टीम ऐकेल, आणि इथंही मी कप वाटेन. मी पाचवं नाव लिहिलं.

मॅडमनी कागद घेतला आणि भुवया वर केल्या. "कुंदा? ये तो तुम्हारी बहन है ना? मराठी में भी नहीं पढ़ पाती?"

"नहीं मॅडम," मी म्हणालो.

दोन शब्द. मी आयुष्यात फार खोटं बोललो असं नाही. सरकारी माणसाला लागतं तेवढंच. पण पाठ न करता, न अडखळता, एका दमात मी जे उच्चारलं ते हेच दोन शब्द. त्यांनी त्या नावापुढे लाल पेन्सिलीनं शेरा लिहिला: मातृभाषेतही वाचन नाही. तोच वर्गाच्या रजिस्टरात उतरवला, आणि कागद मला परत दिला, पाचही जणांना निरोप सांगायचा होता म्हणून.

संध्याकाळी मी कुंदाला म्हणालो, "उद्या तुला सुट्टी आहे."

"मलेच?"

"अजून चौघांना आहे."

"आन ते वाचाचं?"

"ते नंतर घेणारेत म्हणे. मॅडम बोलल्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. "अच्छा," ती म्हणाली. दिल्लीत येऊन उचललेला तिचा हा पहिला शब्द होता.

टीममध्ये एक किरकोळ गृहस्थ आणि एक बाई होत्या. मराठी उतारा निघाला तेव्हा वर्गात मराठी मुलगा मी एकटाच. उतारा विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बायकांचा होता, अगदी सोपा. मी तो बरा वाचला. सहावीनंतर पहिल्यांदा काही तरी न घोकता वाचत होतो आणि मध्येच माझ्या लक्षात आलं की मला वाचता येतं आहे, मला कुणाची जागा घ्यायची गरजच नव्हती. गृहस्थ म्हणाले, "शाबास." त्या वर्षी आमच्या वर्गाचा निकाल असा लागला की वाचता न येणारं मूल एकही नाही. बाबांनी तो आकडा स्वतःच्या हातानं तक्त्यात उतरवला असेल, याची मला जवळजवळ खात्री आहे.

पंधरा दिवसांनी प्रिन्सिपॉलांचं पत्र आलं. तपासणीला गैरहजर, वर्गशिक्षिकेचा शेरा सोबत, तात्पुरता प्रवेश रद्द. बाबांनी ते उभ्या उभ्याच वाचलं. आता इथं कुठल्याही शहाण्या माणसाच्या घरात काय झालं असतं? त्या बापमाणसानं सात रविवार स्वतःच्या कानांनी त्या मुलीचं वाचन ऐकलं होतं. गजभिये काकांचे डोळे उघडलेले पाहिले होते. पण बाबांनी आयुष्यभर कागदावरून कागदावर खरं उतरवलं होतं. कानावर आलेलं त्यांनी कधी तक्त्यात भरलं नव्हतं आणि शिक्का असलेलं कधी खोडलं नव्हतं.

"अहो, कालच तिनं मला डाळीच्या पुडीचा अख्खा कागद वाचून दाखवला," आई म्हणाली. "त्यात कुठल्याशा खटल्याची बातमी होती. मी कणीक मळायची थांबले."

"पुडीचा कागद म्हणजे प्राथमिक," बाबा म्हणाले. "रविवारचं वाचनही प्राथमिकच. हे माध्यमिक आहे. इथंच तर सगळे घसरतात. मी म्हणतच होतो."

"आणि सुट्टी कुणी दिली तिला? मिलिंद, तूच निरोप आणला होतास ना?"

मी म्हणालो, मॅडमनी दिला होता, मी फक्त सांगितला. आई माझ्याकडे बघत होती. कुंदा भांडी घासत होती आणि नळ तिनं बंद केला होता, म्हणजे तिला ऐकू येत होतं. मी तोंड उघडलं असतं तर त्या क्षणी सगळं बदललं असतं. बाबांनी मला फोडून काढलं असतं, शाळेत गेले असते, दोन वाक्यांत प्रश्न सुटला असता. मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो. नायर अंकल वर येत होते. म्हणाले, "पढ़ाई हो गई?" मी म्हणालो, हो गई.

त्याच आठवड्यात नागपूरकडे जाणाऱ्या एका ओळखीच्या कुटुंबाबरोबर कुंदा गेली. पुढं शेत, लग्न, एक मुलगी, आणि नवरा लवकर गेल्यावर पुन्हा शेत. मी मात्र शिकत गेलो. माझा विषयही बघा कसा नेमका निघाला: प्राथमिक ते माध्यमिक या टप्प्यात वाचनक्षमतेत पडणारा प्रादेशिक फरक. यावर मी भाषणं देतो. पडद्यावर राज्यांच्या रंगीत रेषा डावीकडून उजवीकडे जातात, काही सरळ, काही खाली, आणि मी छडीनं दाखवत कारणं सांगतो: माध्यमबदल, अंतर, दारिद्र्य, शिक्षकांची कमतरता. सगळी खरी आहेत. एक कारण मी कधी सांगत नाही, कारण त्याला रेषा काढता येत नाही आणि त्याचं अक्षर माझं आहे.

गेल्या वर्षापासून कुंदाची मुलगी प्रज्ञा मुनिरकात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. कुंदानं तिला चुलीपुढे बसवून वाचायला शिकवलं, हे ती मला भेटेल तेव्हा सांगते आणि मी दर वेळी विषय बदलतो. या हिवाळ्यात कुंदा तिच्याकडे महिनाभर राहायला आली. एका दिवशी मी तिथून जवळच्याच एका शाळेत आलो होतो. आमच्या माणसांनी केलेली वाचनतपासणी बरोबर झाली की नाही, ते वरिष्ठांनी अधूनमधून स्वतः जाऊन बघावं लागतं. बघितलं, फॉर्मवर सही केली, आणि चालत मुनिरकाच्या गल्लीत शिरलो. वर लोंबणाऱ्या वायरी, खाली खोल्या भाड्यानं मिळतील अशा पाट्या, तिसऱ्या मजल्यावर एक खिडकी आणि खिडकीत वाळत घातलेलं कुंदाचं लुगडं.

"या मामा, चढलात का एकदाचे? धाप लागली?" प्रज्ञा हसत म्हणाली. "यार, आमच्या जिन्यात कॅन्डिडेटचं मेडिकल फुकट होतं."

तिनं चहा ठेवला आणि क्लासला निघून गेली. कुंदा खाटेवर बसून कुठल्या तरी क्लासची जाहिरात वाचत होती, खालच्या बारीक अक्षरातल्या अटींसकट. मी ठरवून आलो नव्हतो. पण छपन्न वर्षांच्या माणसाला तीन मजले चढल्यावर खोटं बोलायला श्वास उरत नाही.

"कुंदा," मी म्हणालो, "आठवीत ती सुट्टी. तुझं नाव मॅडमनी नव्हतं घातलं. मी घातलं होतं."

तिनं कागद खाली ठेवला. "हाव," ती म्हणाली. "मले मालूम हाय."

"कसं?"

"तुह्या दप्तरात होती ते यादी. तू खेळाले गेला होता. पाच नावं. माह्यं शेवटचं, आन त्याच्यापुढं लाल अक्षरात हिंदीत लिवलं होतं, मले मराठीबी वाचता येत नाई." ती हसली. "वाचून पायलं मी ते. दोन डाव."

"मग बोलली का नाहीस? बाबांना सांगायचं. आईला."

"काय सांगू? तुमच्या घरात खात होती मी. ज्याच्या ताटात जेवाव, त्याच्याच पोराची चहाडी करू? आन मले वाटलं, सकाळपर्यंत तूच खोडशीन. कोनीबी पोरगं रागात लिवते. सकाळी तू डबा घेऊन निंगाला, मागं वयून पायलंबी नाई, तव्हा समजलं."

माफी मागायचं वाक्य मी अनेक वर्षं घोकून ठेवलं होतं. चांगलं होतं. मी ते सुरू केलं आणि दुसऱ्या शब्दाला अडखळलो, तेव्हा तिनं हात वर केला, जसा आपण वर्गातल्या ढ मुलाला थांबवतो तसा.

"राहू दे. चहा पी. आज कोनीकडून आला?"

"इथलीच शाळा. तपासणी होती."

"वाचाची?"

"हो."

"सगळे हजर होते?"

मी चहाचा घोट घेतला. "चार मुलं आजारी होती."

"चारी?"

"मुख्याध्यापक म्हणाले, व्हायरल आहे."

"आन तू सही केली."

फॉर्म बॅगेत होता आणि बॅग माझ्या मांडीवर. कुंदा उठली, कप उचलून मोरीत ठेवले, खिडकीतलं लुगडं काढून घडी केली आणि दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या.

"त्या चारी जनांची नावं हायेत ना त्याच्यात? पत्ता?"

"आहे. पण कुंदा, आता..."

"पाच वाजले फक्त. घरीच असतीन. बीमार हायेत ना बिचारे." तिनं दार उघडलं. "चाल. चार घरं तं हायेत."

तपासणी एकदा पूर्ण होऊन सही झाली की त्याच शाळेत त्याच वर्षी ती पुन्हा घेता येत नाही, असा आमच्याकडे नियम आहे. तो मीच मसुद्यात घातला होता. मी तो तिला सांगणार होतो, पण ती खाली पोचली होती आणि गल्लीच्या तोंडाशी उभी राहून वरच्या पाट्या एकेक करून वाचत होती.